अक्कांचा तक्ता

"उद्या नक्की येताय ना?" असं अक्कांना विचारण्यात काही अर्थ नसायचा. "येतो की," म्हणायच्या, "शंभरात नव्वद." उरलेले दहा कुठे गेले म्हणून विचारावं, तर त्याचाही हिशोब तयार. चार बसचे, तीन गुडघ्याचे, दोन धाकट्या बहिणीच्या फोनचे आणि एक असाच. एकदा मी वैतागून म्हटलं, "अक्का, तो शेवटचा एक सोडून द्या ना. एकाने काय होतंय?" त्यावर त्या म्हणाल्या, "तोच खरा गे. बाकीचे नऊ तर ओळखीचे आहेत." मी कपाळाला हात लावला आणि जागेवर जाऊन बसले.

मी नागपूरची. स्वभाव तापट, तोंड त्याहून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते दिसणारच आहे. बंगळुरूत नोकरी लागली ती एचएसआर लेआउटमधल्या दहा-बारा जणांच्या एका कंपनीत, खाली दर्शिनी, म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल, आणि वर आम्ही. पहिल्या दिवशी बॉसने मला एका कोपऱ्यात नेलं. तिथे निळी इरकल साडी, पायात पळायचे बूट आणि कानामागे पेन्सिल अशा अवतारात एक अठ्ठावन्न वर्षांच्या बाई आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत बसल्या होत्या. बॉस म्हणाला, "या तुमच्या सीनियर. सगळे अक्का म्हणतात." अक्कांनी मान वर न करता विचारलं, "जेवलीस काय? नाही? मग आधी खाऊन ये. मी थांबतो." मी थांबतो! मला वाटलं, बाई चुकून बोलल्या. नंतर कळलं की त्या निपाणीकडच्या, आणि तिकडे बायका असंच बोलतात: मी येतो, मी बघतो, मी सांगतो. महिन्याभरात मला त्याचं काही वाटेनासं झालं आणि दिवाळीत घरी गेल्यावर आईला "मी येतो गं" म्हणून बसले.

आमची कंपनी औषधांच्या थंड खोल्यांसाठी एक छोटी पेटी बनवायची. काम तिचं एकच. खोलीचा कॉम्प्रेसर कधी चालू करायचा आणि कधी बंद, हे ठरवायचं. खोली दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवी. दोनच्या खाली गेली तर काही औषधं गोठून वाया जायची भीती, आठच्या वर गेली तर नासायची. ऐकायला सोपं वाटतं, पण कॉम्प्रेसर एकदा थांबला की थोडा विसावा घेतल्याशिवाय त्याला पुन्हा चालू करता येत नाही. दार कोण कधी उघडेल याचा नेम नाही, आणि करंट कधी जाईल ते तर विचारूच नका. या सगळ्या भानगडीला पुस्तकात लांबलचक इंग्रजी नाव आहे, स्टोकॅस्टिक हायब्रिड सिस्टिम. अक्का त्याला 'लहरी खोली' म्हणायच्या.

त्यांची युक्ती मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली, कॉफीचा एक ग्लास दोघींत करून. "हे बघ, खोली साडेचारवर आहे का चार पूर्णांक एकावन्नवर, ह्यानं तुला काय फरक पडालाय? तू करणार दोनच गोष्टी. चालू, नाहीतर बंद. मग अनंत आकडे उरावर कशाला घेतीस? त्याचे खाने पाड." म्हणून त्या तापमानाचे अर्ध्या-अर्ध्या अंशाचे खाने पाडायच्या. कॉम्प्रेसर चालू की बंद, विसावा किती झाला, करंट आहे की नाही, दिवसाची वेळ कोणती, यांचेही खाने. मग एकेका खान्यासाठी विचार करायचा, की इथून चालू केलं तर पुढच्या पाच मिनिटांत कुठल्या खान्यात किती वेळा जाऊ, बंद ठेवलं तर कुठे जाऊ. शेवटच्या तासापासून मागे मागे हिशोब करत आलं की प्रत्येक खान्यापुढे एकच शब्द उरायचा. चालू, किंवा बंद. हा झाला तक्ता. संगणकाच्या पडद्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी तो अख्खा तक्ता छापून त्याचे चार जाडजूड खंड शिवून घेतले होते आणि ते पिशवीत घालून त्या बसने हिंडायच्या.

खाने पाडायची ही खोड नुसत्या खोल्यांपुरती नव्हती. बॉसचे त्यांनी तीनच खाने केले होते: कॉफीच्या आधी, कॉफीच्या नंतर, आणि गुंतवणूकदाराचा फोन येऊन गेल्यावर. रजा मागायची ती दुसऱ्याच खान्यात. मला हे फार विनोदी वाटायचं, पण एक दिवस त्यांच्या खणात स्टेपलर शोधताना माझ्या नावाचा कागद सापडला. त्यावर सात खाने. उपाशी. जेवलेली. आईचा लग्नावरून फोन आलेला. फोन यायचा राहिलेला. असं काहीबाही, आणि प्रत्येकापुढे काय करायचं तेही लिहिलेलं. 'उपाशी' पुढे लिहिलं होतं: चूक दाखवू नये. मी तो कागद घेऊन तरातरा त्यांच्यापुढे गेले. "मी काय फ्रिज आहे का, अक्का?" त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं, खणातून चुरमुऱ्यांची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "फ्रिजला एवढे खाने लागत नाहीत गे." मी चुरमुरे खाल्ले. राग खरंच उतरला, याचाच मला जास्त राग आला.

अजून एक रीत सांगायची राहिली. तक्त्यात चूक सापडली की अक्का कुंदा वाटायच्या. बेळगावहून येणारा एक डबा त्यासाठीच राखून ठेवलेला असायचा. काम फत्ते झालं की लोक पेढे वाटतात, हे त्यांना पटत नसे. "जमलेलं काय, ते जमलेलंच होतं. सापडलेली चूक मात्र नवी असते." बॉस बिचारा ठाण्याचा, वयाने तिशीतला. सकाळी टेबलावर कुंद्याची वाटी दिसली की त्याचा चेहरा पडायचा.

हसू येतं आता, पण या बाईंनी बावीस वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात हेच शिकवलं होतं. लेख छापून आले, लोकांनी माना डोलावल्या, पण या सगळ्यावर एकही खरं यंत्र कधी चाललं नव्हतं. निरोपाच्या कार्यक्रमात एक सहकारी माइकवर म्हणाला होता, "बाईंची खोली फक्त कागदावर थंड होते." सभागृह हसलं, अक्काही हसल्या. हा किस्सा त्यांनी मला दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा हसत सांगितला. मला मात्र त्या माणसाचा पत्ता हवा होता. नोकरी संपल्यावर घरी बसायचं सोडून त्या आमच्या कंपनीत आल्या त्या एवढ्यासाठीच, की एक तरी खरी खोली आपल्या तक्त्यावर चाललेली डोळ्यांनी बघायची.

ती संधी शिवाजीनगरात आली. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत औषधांचे एक घाऊक व्यापारी होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्याकडे एकाला एक लागून दोन थंड खोल्या होत्या. एकीला जुना थर्मोस्टॅट तसाच ठेवायचा, दुसरीला आमची पेटी लावायची आणि महिनाभर बघायचं, असं ठरलं. अक्कांनी एका कागदावर निळ्या शाईने लिहिलं, की ही खोली महिनाभर दोन ते आठच्या मध्ये राहील, शंभरात निदान सत्त्याण्णव. खाली सही केली आणि तो कागद खोलीच्या दारावर चिकटवला. चाचांनी चष्मा लावून तो वाचला. "और वो तीन, अम्मा?" अक्का म्हणाल्या, "वो तीन भी है ना. नहीं है कौन बोला?" चाचांना हे आवडलेलं दिसलं. त्यांच्याकडे येणारा कुठलाही विक्रेता शंभराच्या खाली बोलतच नसे.

चौथ्या दिवशी सकाळी चाचांचा फोन आला. आमची खोली साडेनऊवर गेली होती आणि पेटी नुसती गप्प बसली होती. त्यांच्या माणसांनी सगळी औषधं उचलून शेजारच्या खोलीत हलवली, म्हणून नुकसान टळलं. आम्ही धावत गेलो. मी नोंदी काढल्या. पहाटे खोलीचं तापमान बरोबर पाच झालं होतं. आमचा थर्मामीटर हजाराव्या हिश्श्यापर्यंत दाखवतो, आणि तिथपर्यंत ते पाचच होतं. मी प्रोग्राममध्ये एका खान्याला 'पाचपेक्षा कमी' लिहिलं होतं आणि पुढच्याला 'पाचपेक्षा जास्त'. बरोबर पाचला खानाच नव्हता. पेटीने तक्त्यात शोधलं, काही सापडलं नाही, आणि ती तिथेच अडकली. कॉम्प्रेसर बंद होता तो बंदच राहिला.

अक्कांनी ते वाचलं आणि त्यांना हसू आवरेना. "अगं, भिंतीवर बसलेल्याला आपण घरच दिलं नाही की." मला रडायला येत होतं आणि ही बाई हसत होती. दुपारी बॉससमोर मात्र त्या सरळ बोलल्या. "चूक हिची. ती तपासायचं काम माझं, ते मी केलं नाही. म्हणजे चुका दोन." आणि कुंद्याची वाटी पुढे सरकवली. बॉसने ती परत सरकवली. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यावरही लोक बसले होते. "अक्का, पंधरा दिवस घ्या आणि पुन्हा एक महिना लावा. शेवटचा. या वेळी बाहेर गेलं तर आपण साधे थर्मोस्टॅट विकू, आणि तुमचं काम मला थांबवावं लागेल. सॉरी." अक्का "सरी" म्हणाल्या, म्हणजे कानडीत 'ठीक आहे', आणि वाटी घेऊन जागेवर आल्या.

मला वाटलं, एक चिन्ह बदललं की झालं. पाच मिनिटांचं काम. अक्कांनी मला हात लावू दिला नाही. "थर्मामीटर पण चुकतोय की. त्याचे पाच खरेच पाच आहेत कशावरून?" म्हणून त्यांनी भिंती जाड केल्या. भिंतीजवळ असलं की आपण दोन्ही खान्यांत आहोत असं धरायचं आणि दोन्हीकडे चालेल तोच निर्णय घ्यायचा. सगळा तक्ता नव्याने करावा लागणार होता. मग म्हणाल्या, आता करायचाच आहे तर दाराचाही खरा हिशोब घालू. आधी आम्ही चाचांनी सांगितलेला अंदाज धरला होता, दिवसाला पन्नासेक वेळा, सगळे तास सारखे. दुसऱ्या दिवशी अक्का चिंचोक्यांची पिशवी घेऊन शिवाजीनगरला गेल्या आणि दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या. दार उघडलं की एक चिंचोका डब्यात. दर तासाला डबा बदलायचा. असे बारा दिवस. हमालांनी पहिल्यांदा टर उडवली, चौथ्या दिवसापासून दार उघडताना तेच ओरडून सांगू लागले, "अम्मा, एक!"

त्या चिंचोक्यांतून शुक्रवार बाहेर आला. शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी दुकान बंद व्हायचं, म्हणून त्याआधीच्या तासाभरात सगळी मेडिकल दुकानं माल उचलायला एकदम यायची. तेवढ्या वेळात दार जेमतेम मिटायचं. हे चाचांना जन्मापासून माहीत होतं, पण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अक्कांनी शुक्रवारसाठी वेगळे खाने पाडले, नवे चार खंड शिवून आणले, दारावर नवा सहीचा कागद चिकटवला, पुन्हा सत्त्याण्णवचाच. आणि महिना सुरू झाला.

पहिल्याच शुक्रवारी मी आणि अक्का दुकानात होतो. सकाळी अकराला दोन्ही खोल्या छान पाचवर होत्या. शेजारच्या खोलीचा कॉम्प्रेसर थांबला. आमचा थांबेना. साडेचार अंश झाले, चार झाले, साडेतीन झाले, तरी हा चालूच. चाचांनी गल्ला सोडला आणि ते येऊन उभे राहिले. "क्या अम्मा, तुमारे मशीन कू हुआ क्या?" तीन झाले. दोनच्या खाली गेलं की खेळ खलास, आणि प्रोग्राम लिहिणारी मी. बॉसला ऑफिसात बसून आकडे दिसत होते, त्याचा फोन आला. "हे काय चाललंय? मॅन्युअलवर घ्या, आत्ता." माझा हात खरंच बटणाकडे गेला.

"ओळ काढ," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तीनच्या खाली जातंय."

"मला दिसालंय. तिसरा खंड. ओळ काढ आणि वाच."

मी पानं उलटली. शुक्रवार, साडेअकरा, तीनच्या खालचा खाना, करंट आहे, कॉम्प्रेसर चालू. त्यापुढे अक्कांच्या छापील तक्त्यात लिहिलं होतं: चालू. मी वाचून दाखवलं.

"मग ती सांगितलेलंच करालीय की," अक्का म्हणाल्या. "पुढचा खाना वाच." अडीचच्या खालच्या खान्यापुढे लिहिलं होतं: बंद. फोन त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि बॉसला सांगितलं, "हात लावलात तर मी सही काढून घेतो. आणि महिना पण संपला म्हणून समजा." मी हात मागे घेतला. असं का चाललंय ते मला कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर अक्कांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही सगळं कळलं असेल असं वाटेना. त्यांच्या कानामागची पेन्सिल हातात आली होती आणि त्या ती गोल गोल फिरवत होत्या. पंधरा मिनिटं तरी त्यांनी आकड्याकडे पाहिलं नाही.

अडीच अंशांवर कॉम्प्रेसर थांबला. बारा वाजता गर्दी आली. दारं उघडू लागली, खोकी बाहेर, रिकामे क्रेट आत, हमालांची पळापळ. आणि बारा वाजून दहा मिनिटांनी करंट गेला. चाचांचा माणूस जनरेटरकडे धावला. जनरेटर दोनदा घुरघुरला आणि बसला. माल घ्यायला आलेले लोक मात्र थांबायला तयार नव्हते, त्यांना नमाजाआधी निघायचं होतं. दोन्ही दारं सारखी उघडत होती. शेजारची खोली पाचची सहा झाली, सात झाली, आठ ओलांडून गेली आणि तिची घंटा वाजू लागली. आमची अडीचची साडेतीन, साडेचार, साडेपाच. अक्का आता उभ्या राहिल्या होत्या. सहा. साडेसहा. मी देवाचं नाव घेत होते, आणि मी देवाला फारशी मानत नाही.

सात पूर्णांक दोनवर करंट आला. पेटीने एक क्षणही घालवला नाही, कॉम्प्रेसर लगेच धरला. शेजारची खोली तेव्हा साडेदहावर होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शुक्रवारी गर्दी होणार आणि तेवढ्यात करंट गेला तर वाचायला जागा हवी, म्हणून त्या तक्त्याने सकाळीच थंडी साठवून ठेवली होती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच, अक्कांनीही नाही. आम्ही फक्त खाने पाडले होते आणि चिंचोके मोजले होते, बाकीचं हिशोबातून आपोआप निघालं होतं. चाचांनी घंटा वाजणाऱ्या खोलीकडे पाहिलं, आमच्या खोलीकडे पाहिलं, आणि माणसांना म्हणाले, "उधर का सब माल अम्मा की खोली में डालो." मी बाह्या वर केल्या आणि हमालांबरोबर खोकी उचलायला लागले. एवढा आनंद मला माझ्या डिग्रीचाही झाला नव्हता.

उरलेले दिवस शांत गेले. तिसाव्या दिवशी बॉस स्वतः आला, महिन्याचा आलेख छापून घेऊन. रेघ एकदाही दोनच्या खाली नव्हती, एकदाही आठच्या वर नव्हती. त्याने तो अक्कांच्या हातात दिला आणि वाकून त्यांच्या पाया पडला, ठाण्याच्या त्या पोराला मी असं कधी करताना पाहिलं नव्हतं. चाचांनी गल्ल्यातून पेचकस आणला, शेजारच्या खोलीच्या भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट स्वतःच्या हाताने खोलून काढला आणि म्हणाले, "अम्मा, इस कू भी तुमारा वाला."

अक्का म्हणाल्या, "आता आत जाऊ काय मी?"

महिनाभर त्या एकदाही त्या खोलीत गेल्या नव्हत्या. आपल्यामुळे एक दार जास्त उघडायला नको, म्हणून. मी दार उघडून धरलं. त्या पिशवी बाहेर ठेवून आत गेल्या आणि मी दार लावून काचेतून बघत राहिले. खोक्यांच्या मधोमध पदर गच्च लपेटून त्या नुसत्या उभ्या होत्या. दार उघडल्याने बाहेरची ऊब आत गेली होती. मिनिटभर काहीच झालं नाही. मग आकडा भिंत ओलांडून पुढच्या खान्यात गेला, आणि वरचा पंखा फिरू लागला. अक्कांनी मान वर केली. त्या पंख्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून त्या गार वाऱ्यात धरले.

बाहेर आल्या तेव्हा चष्म्यावर धुकं जमलं होतं, तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "चालतंय गे," म्हणाल्या. "माझ्यासमोर चालू झालं." मला रडू फुटलं, आणि शिवाजीनगरच्या त्या भर बाजारात मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"थांब जरा," अक्का म्हणाल्या. "आणखी एकदा जाऊन येतो." आणि स्वतःच दार उघडून पुन्हा आत गेल्या.